बर्फ वितळल्यावरचं स्कीइंग आणि खान्देशातला उन्हाळा

१ मेला आपल्याकडे झेंडावंदन असतं आणि पोरं सुट्टीच्या धुंदीत असतात. नॉर्वेतल्या क्रॉस-कंट्री स्कीपटूंचं सरावाचं नवं वर्ष त्याच तारखेला सुरू होतं. त्यांच्या शर्यती नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतात आणि मार्चमध्ये आटोपतात. एप्रिलमध्ये अंग मोकळं करायचं आणि १ मेपासून सरावाच्या वहीचं पहिलं पान उघडायचं. गंमत अशी की तेव्हा पायाखाली बर्फ जवळपास नसतोच. बर्फावरचा खेळ, पण वर्षातला निम्म्याहून जास्त सराव डांबरावर, डोंगरवाटांवर आणि व्यायामशाळेत होतो.

जळगाव-भुसावळकडे त्याच दिवसांत पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळत असतो. सकाळी आठनंतर मैदानावर पाय ठेवायची सोय नसते. म्हणजे शर्यतीला नालायक असे महिने त्यांनाही आहेत आणि आपल्यालाही. ते त्या महिन्यांचं काय करतात हे नीट पाहिलं, तर आपल्या धावणाऱ्या पोरापोरींसाठी बरंच काही हाती लागतं. मी शाळेतल्या मुलांना पळवतो, म्हणून हा विषय मला जवळचा. स्कीइंगचं वेड नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी खेळ समजून घेऊ. टीव्हीवर उतारावरून सुसाट खाली येणारे दिसतात तो अल्पाइन प्रकार. क्रॉस-कंट्रीत चढ, सपाटी आणि उतार तिन्ही असतात, साधारण सारख्याच प्रमाणात. पण वेळ मोजला तर निम्म्याहून जास्त वेळ चढावर जातो. शर्यत तिथेच जिंकली किंवा हरली जाते. दम लागणाऱ्या खेळांत हा अगदी वरच्या पंक्तीतला. रक्तात प्राणवायू ओढून घेण्याची माणसाची जी सर्वाधिक क्षमता नोंदवली गेली आहे, तिच्यात या खेळाडूंचे आकडे कायम पहिल्या काहींत असतात. कारण उघड आहे, इथे पाय आणि हात दोन्ही राबतात.

यात दोन शैली आहेत. क्लासिकमध्ये बर्फात आखलेल्या दोन समांतर खाचांतून स्की सरळ पुढे सरकवायची. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे स्केटिंगमध्ये, स्की तिरपी टाकून कडेने बर्फ ढकलायचा, चाकांच्या स्केटिंगवर पोरं ढकलतात तसा. ही दुसरी शैली फार जुनी नाही. पाउली सीटोनेन नावाच्या फिनलंडच्या लांब पल्ल्याच्या स्कीपटूने १९७०च्या दशकात एक पाय खाचेत ठेवून दुसऱ्याने बाजूला ढकलायची चाल रूढ केली. अमेरिकेच्या बिल कॉकने तीच चाल वापरून १९८२ मध्ये विश्वचषक मालिका जिंकली. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातल्या झेफेल्डच्या जागतिक स्पर्धेत जुन्या चालीने जाणाऱ्यांचा स्केटिंगपुढे निभाव लागेना. मग आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने दोन्ही शैलींच्या शर्यती वेगळ्या केल्या आणि १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकला तशाच झाल्या.

क्लासिकही तिथेच थांबलं नाही. जुन्या क्लासिकची मुख्य चाल चालण्यासारखी असते. उजवा पाय, डावा हात, मग उलट. हिला डायगोनल म्हणतात. दुसरी चाल डबल पोलिंग. दोन्ही काठ्या एकदम रोवायच्या, धड वाकवून पोटाच्या आणि पाठीच्या बळावर स्वतःला पुढे ओढायचं आणि पाय जवळजवळ शांत ठेवायचे. पूर्वी ती सपाटीपुरती होती. यंत्राने दाबलेले कडक ट्रॅक आले, स्की जास्त घसरू लागल्या, काठ्या कार्बनच्या आणि हलक्या झाल्या. २००२ मध्ये ऑलिंपिकात स्प्रिंट शर्यत आली तसे खेळाडूही दंडा-खांद्यांनी भरले. मग ही चाल चढावरही चालू लागली. स्वीडनच्या वासालोपेटसारख्या ९० किलोमीटरच्या शर्यतीत आता पुढचे पुरुष खेळाडू पकडीचं मेण (चढावर स्की मागे घसरू नये म्हणून तिच्याखाली लावतात ते) न लावताच उभे राहतात आणि आख्खं अंतर डबल पोलिंगने कापतात. क्लासिक नावाला उरेल अशी भीती वाटल्यावर महासंघाने २०१६-१७ पासून काठीची लांबी उंचीच्या ८३ टक्क्यांपर्यंत बांधून टाकली आणि काही चढांवर डबल पोलिंगला मनाईच केली.

आणि आता क्लेबो. नॉर्वेचा योहानेस क्लेबो २०२५ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत सहा शर्यतींत उतरला आणि सहाही जिंकला. क्लासिकच्या उभ्या चढावर तो चक्क पळतो. पावलं छोटी आणि भराभर, घसरणं जवळजवळ नाहीच. सोबतचे घसरत, ओढत वर येत असतात आणि हा ससा निसटावा तसा निघून जातो. जगभरची पोरं अर्थातच त्याची नक्कल करतात.

या लेखाचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. तंत्र दर काही वर्षांनी बदलतं, मग चौदा वर्षांच्या पोराला उन्हाळ्यात नेमकं काय शिकवायचं? आजचं विजेत्याचं तंत्र, की आणखी काही?

हंगामात चाल बदलता येत नाही, हे आधी मान्य करून चालू. दर आठवड्याला शर्यत असते. शरीराला सवयीची हालचाल सोडून नवी करायला सांगितली की सुरुवातीला वेग घटतोच. नवी हालचाल डोक्याने करावी लागते, ती अंगवळणी पडलेली नसते. शर्यतीत दम लागला, पाय भरून आले की शरीर हमखास जुन्या हालचालीवर परत जातं. म्हणून हा वेग घटण्याचा काळ ज्या महिन्यांत परवडतो, त्याच महिन्यांत बदल करायचा. उन्हाळ्याचं खरं मोल हे आहे. लोकांना वाटतं उन्हाळा फक्त दम वाढवायला असतो.

पण बदल म्हणजे मोठ्यांची नक्कल हे मला पटत नाही. डबल पोलिंगचंच बघा. ती चाल धडातून निघते. पोट, पाठीचा खालचा भाग, खांद्यामागचे स्नायू असा सगळा भार तिथे येतो. कंबरदुखी ही या खेळातली जुनी तक्रार आहे. नॉर्वेच्या मारित ब्योर्गेनसारख्या खेळाडूने वरच्या अंगाच्या ताकदीवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १५ ऑलिंपिक पदकं मिळवली. ती ताकद आधी आली, चाल तिच्या पाठीवर बसून आली. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगा एका वर्षात सहज आठ-दहा सेंटिमीटर उंच होतो. मुली त्याआधी, बाराच्या आसपास. हाडं भराभर लांबतात, स्नायू मागून येतात आणि काल जमलेला तोल आज जमत नाही. गुडघ्याखालची गाठ दुखते, टाच दुखते. अशा पोराला विजेत्याच्या चालीत बसवलं की तो ती चाल वरवर उचलतो आणि आत सगळं चुकीचं जुळवतो. चार वर्षांनी ते सोडवायला दुप्पट वेळ लागतो.

म्हणून जाणते प्रशिक्षक या वयात चालीपेक्षा चालीच्या खालचं शिकवतात. एका पायावर वजन पूर्ण टाकून क्षणभर निवांत उभं राहता येणं. घोट्यातून पुढे झुकणं. कंबर पायाच्या पुढे राहणं. हात आणि पाय एका तालात येणं. या चार गोष्टी सीटोनेनच्या काळातही लागत होत्या, क्लेबोच्या पळण्यालाही लागतात आणि उद्या कुठली चाल आली तरी लागतील. चाल बदलेल, गुरुत्वाकर्षण बदलणार नाही.

हे शिकवायचं साधन म्हणून मला सगळ्यात आवडतं ते काठ्या घेऊन चढ चढणं. साधं आहे, स्वस्त आहे आणि बर्फाच्या जवळ जातं. नेहमीपेक्षा थोड्या आखूड काठ्या घ्यायच्या आणि उभ्या चढावर डायगोनलच्या तालात चालायचं. पुढचा पाय टेकला की मागच्या पायाने पूर्ण ढकलायचं, विरुद्ध हाताची काठी मागे नेऊन सोडायची. वेग वाढवला की हेच उड्या मारत होतं, मांड्या पेटतात. आठ-दहा मिनिटांचा एक चढ, चालत खाली, पुन्हा वर. प्रशिक्षक प्रत्येक चढाला एकच गोष्ट सांगतो. पहिल्या चढाला फक्त घोटा, दुसऱ्याला फक्त काठी कुठे रोवली जाते ते. एका वेळी तीन सूचना दिल्या की पोर तिन्ही विसरतं.

आमच्याकडे धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याच्या चढावर आम्ही बांबूच्या काठ्या घेऊन हे करून पाहिलं. पूर्वी स्कीच्या काठ्याही बांबूच्याच असत, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. एका पोराने काठी बघूनच तोंड वाकडं केलं, "सर, हाई काय, म्हाताराना मायक काठ्या लिसनी चालानं?" दुसऱ्याच चढाला त्याची बडबड बंद झाली. पण बघण्यासारखी गोष्ट वेगळी होती. जवळपास सगळी पोरं कमरेतून वाकत होती. छाती पुढे, बूड मागे, त्यामुळे मागच्या पायात ढकलायला जोरच उरत नव्हता. "कमरेतून वाकू नका, गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्या" असं सांगितलं की दोन पावलं बरोबर पडायची, तिसऱ्याला पुन्हा तेच. मग एका पोरीला काठ्या बाजूला ठेवून, हात पाठीमागे बांधून तोच चढ चढायला लावला. हात नसल्यावर तोल सांभाळायला कंबर आपोआप पुढे आली. बाकीच्यांनी तिच्याकडे बघून केलं. माझ्या सांगण्यापेक्षा ते लवकर पोचलं.

चाल सुटी करून शिकवायची हीच पद्धत स्कीवरही असते. काठ्यांशिवाय सरकणं, एका पायावर जास्तीत जास्त लांब घसरत राहणं, फक्त हातांनी जाणं. मग सगळं एकत्र, पण सावकाश. नंतर थकल्यावर तेच, आणि शेवटी वेगात. हा क्रम उलटा केला की फसगत होते. दमलेल्या पोराला नवी गोष्ट शिकवायची नाही. शिकलेली गोष्ट दमल्यावर टिकते का, एवढंच बघायचं.

रोलर-स्की हे उन्हाळ्यातलं मुख्य हत्यार. आखूड दांडी, दोन टोकांना चाकं, वर स्कीचाच बूट अडकतो. डांबरी रस्त्यावर काठ्यांच्या कठीण टोकांचा टक-टक आवाज करत ही मंडळी जातात. स्केटिंगच्या रोलर-स्की बर्फाच्या बऱ्यापैकी जवळच्या आहेत. क्लासिकच्या रोलर-स्कीत मात्र एक खोड आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

बर्फावरच्या क्लासिक स्कीचा मधला भाग वर उचललेला असतो, ट्रॉलीखालच्या कमानपाट्यासारखा. दोन्ही पायांवर वजन वाटलेलं असताना तो मधला भाग बर्फाला लागत नाही आणि स्की घसरते. एका पायावर पूर्ण वजन टाकून खाली दाबलं की तो टेकतो, तिथे लावलेल्या मेणात बर्फाचे कण रुततात आणि क्षणभर पकड मिळते. तेवढ्या क्षणात, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात, ढकलायचं असतं. वजन अर्धवट पडलं किंवा दाबायला उशीर झाला, की पाय मागे घसरला म्हणून समजा. रोलर-स्कीच्या चाकात मात्र उलटं फिरू न देणारी खुटी असते. कसंही ढकला, कितीही उशिरा ढकला, पकड मिळतेच. उन्हाळाभर पोरगा चुकीच्या वेळी ढकलत राहतो, चाक त्याला माफ करत राहतं आणि नोव्हेंबरात पहिल्या बर्फावर तो जागच्या जागी पाय मारत बसतो. म्हणून चांगले प्रशिक्षक क्लासिकच्या रोलर-स्कीला काठ्या घेऊन चढ चढण्याची जोड देतातच.

शिवाय रोलर-स्कीला बहुधा ब्रेक नसतो. उतारावर थांबायचं कसं हा प्रश्न पडायच्या आत हेल्मेट डोक्यावर हवं. डांबरावर काठीचा दणका कोपराला बसतो, म्हणून लहान वयात रोजच्या रोज लांब अंतर नको. फार पळणारी चाकंही घेऊ नयेत. बर्फ हळू असतो, चाकं फुकट वेग देतात आणि मग जोर लावायची सवयच लागत नाही. फिनलंडमध्ये वुओकात्तीला १९९७ पासून आणि स्वीडनमध्ये टोर्शबीला २००६ पासून बर्फाचे बोगदे आहेत, तिथे भर उन्हाळ्यात स्की करता येते. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने जावं. पण त्या देशांतले बहुतेक चौदा-पंधरा वर्षांचे खेळाडू उन्हाळ्यात पळतात, सायकल चालवतात, फुटबॉल खेळतात, होड्या वल्हवतात. एकाच खेळात अडकवून ठेवलेलं पोर सोळाव्या वर्षी कंटाळून सोडून देतं, हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. अगदी लहान मुलांच्या स्पर्धांत नॉर्वेवाले निकालांच्या याद्याही लावत नाहीत. आमच्याकडे पाचवीच्या पोराला जिल्ह्याला नंबर नाही आला म्हणून बाप चार दिवस बोलत नाही.

आता दम. या खेळातले जगातले पहिले खेळाडू वर्षाला साधारण आठशे-नऊशे तास सराव करतात. ऐकून छाती दडपते, पण त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास तास अगदी हळू असतात. हळू म्हणजे किती? सोबतच्याशी पूर्ण वाक्यं बोलत जाता आली पाहिजेत, एवढं हळू. उरलेला थोडा भाग मात्र खरोखर कठीण. मधल्या भागात, म्हणजे धाप लागते पण जीवही जात नाही अशा वेगात, ते फार वेळ घालवत नाहीत. तिथे शरीर थकतं खूप आणि हाती थोडं येतं. पोरांचे तास अर्थातच मोठ्यांच्या अर्ध्याहून कमी, आणि वर्षागणिक थोडे थोडे वाढवायचे. उडी मारून नाही.

हे वाचताना मला आमचे भरतीवाले आठवतात. पहाटे पाचला धुळ्याच्या किंवा जळगावच्या कुठल्याही रस्त्यावर जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, जोडीला १०० मीटर आणि गोळाफेक. मग काय, रोज उठून १६०० मीटर घड्याळ लावून पळायचं. आज पाच-चाळीस, उद्या पाच-पन्नास, परवा नडगी दुखते म्हणून घरी. वर्षभर हेच. रोज परीक्षा द्यायची आणि अभ्यास कधीच करायचा नाही, असा हा प्रकार. वाढत्या वेगाचा मधला भाग मी वर सांगितला, ही पोरं नेमकी तिथेच अडकून पडतात. त्यांनी आठवड्यातले चार दिवस गप्पा मारत पाऊण तास पळावं, एक दिवस चढावर जोर काढावा आणि एक दिवस तुकड्यांत वेगात पळावं. घड्याळ महिन्यातून एकदा काढलं तरी भागतं. हे सांगितलं की म्हणतात, "सर, इतकं हळू पळून कसं होईल?" होतं.

आणि नकलेचा सापळा आपल्याकडेही आहेच. केनियाच्या एलिउड किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पार केलं. तेव्हापासून मोबाइलवर त्याची पावलं संथ करून बघायची आणि पुढच्या पंजावर पळायला सुरुवात करायची, अशी टूम निघाली. शिवाय जाड तळव्याचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट. मोठ्यांच्या रस्त्यावरच्या शर्यतीत तळवा ४० मिलिमीटरपर्यंत चालतो. कुणाच्या पायात काय असावं हे त्याचं त्याने ठरवावं. पण पंधरा वर्षांच्या पोराच्या पोटऱ्यांत ताकद नसताना त्याला पंजावर पळवलं, तर महिन्याभरात टाचेमागची शीर धरते. पाय कुठे टेकतो यापेक्षा तो कमरेखाली टेकतो का, हे बघा. पुढे फेकलेलं पाऊल हा खरा ब्रेक आहे. उन्हाळ्यात अनवाणी मातीवर सावकाश पळणं, दोरीवरच्या उड्या, एका पायावर उभं राहून बूट बांधणं, घाटात चढ पळणं, एवढ्यानेच पावलाची जागा हळूहळू बदलते. पोराला सांगावंही लागत नाही.

जागा आपल्याकडे आहेत. धुळेकरांना लळिंग, चाळीसगावकरांना पाटणादेवीचं जंगल आणि कन्नडचा घाट, यावल-चोपड्याकडच्यांना सातपुड्याचा पायथा आणि मनुदेवीची वाट. घाटात ट्रकांची रांग असते, म्हणून मुलांना मुख्य रस्त्यावर नेऊ नये, कडेची पायवाट धरावी. नंदुरबारवाल्यांचं तर नशीबच. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, मेमध्येही पहाटे तिथे अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. आठवडाभराचं शिबिर तिथे घेतलं तर खाली तापीकाठच्या उकाड्यात जे जमत नाही ते जमतं. एवढ्या उंचीने रक्त घट्ट होतं वगैरे मात्र कुणी सांगितलं तर सोडून द्या, त्याला याहून बरीच जास्त उंची लागते. तोरणमाळचा फायदा गारव्याचा आणि चढांचा.

खालीच राहायचं असेल तर वेळ पहाटेची. साडेपाच ते सात, त्यानंतर नाही. उन्हाची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत होते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी जातं. पण ती सवय हळू सरावाने होते, दुपारी बाराला पळून नाही. पळून आल्यावर नुसतं पाणी ढोसू नका. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं आपल्या घरात असतंच, त्याला महागडी पावडर लागत नाही. जेवणही पोटभर हवं. स्कीपटूंच्या जगात वजन कमी ठेवायच्या नादात मुलींची पाळी थांबणं, हाडं ठिसूळ होणं हे भोग झालेले आहेत आणि आता तिथले डॉक्टर त्यावर डोळा ठेवून असतात. आपल्या पोरी तर तशाही कमीच जेवतात. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, हिरवी भाजी. आणि चक्कर येत असेल तर रक्त तपासून घ्या, लोह कमी निघण्याची शक्यता बरीच असते.

रोलर-स्की खान्देशात आणायच्या का? मला विचाराल तर नको. आमचे रस्ते, त्यावरचे ट्रॅक्टर, मधूनच आलेली गतिरोधकं आणि मेचं वितळलेलं डांबर, या सगळ्यावर ब्रेक नसलेल्या चाकांवर पोराला सोडायचं धाडस माझ्यात नाही. ज्याला खरोखर या खेळात जायचं आहे, त्याने आधी काठ्यांनी चढ चढावेत, दम कमवावा आणि हिवाळ्यात औलीला किंवा गुलमर्गला जाऊन बर्फ बघावा. गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होतात. आपल्या देशाकडून या खेळात ऑलिंपिकला गेलेल्यांत ताशी लुंडुप (२०१०), नदीम इक्बाल (२०१४), जगदीश सिंग (२०१८) ही नावं आहेत. लष्कराचा या खेळाशी जुना संबंध आहे, कारण बर्फात चालणं तिथे कामाचाच भाग असतो. बीडचा अविनाश साबळेही लष्करात गेला, सियाचीनला राहिला आणि पुढे लष्कराच्या क्रॉस-कंट्री धावण्यातून वर आला. त्याने २०२४ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. अडथळ्यांची शर्यत त्याने लहानपणी शिकली नव्हती, ती नंतर आली. दम आणि पाय मात्र आधीपासून तयार होते.

एक व्यवहाराची गोष्ट. स्कीवाले प्रशिक्षक चालीतला बदल कधी थांबवायचा हेही ठरवून ठेवतात. मे ते ऑगस्ट शिकायचं, सप्टेंबरपासून शिकलेलं पक्कं करायचं, ऑक्टोबरनंतर नवं काही काढायचं नाही. आपल्या शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुका पातळीवर सुरू होतात, म्हणजे आपल्याला तेवढा वेळ नाही. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की लगेच सुरू करावं आणि जूनअखेर हात आखडता घ्यावा. तसंही पहिला मोठा पाऊस पडला की काळ्या मातीत पळता येत नाही, बुटाला किलो-किलोचा चिखल चिकटतो. तेव्हा पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता धरायचा. पाऊल कसं पडतंय हे तेव्हा मुलांना सांगू नका, मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवूही नका. जुलैत त्यांना फक्त पळू द्या आणि नेहमीच्या फेरीला वेळ किती लागला, तेवढं वहीत लिहून ठेवा.